आकड्याची अब्रू

काकांनी हेडमास्तरांच्या थोबाडीत मारली, असं वहिनीने फोनवर सांगितलं तेव्हा धाकटीला आधी हसूच आलं. दारात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जाणारा माणूस काका. ते कुणावर हात उचलतील, आणि तोही हेडमास्तरांवर, ज्यांच्याशिवाय त्यांची एक संध्याकाळ सरत नव्हती, हे तिला खरंच वाटेना.

"वाचनालयात, सगळ्यांदेखत," वहिनी म्हणाली. "आणि वन्सं, भांडण तुमच्यावरून झालं. उद्या दुपारी या. काका कुणाचं ऐकत नाहीयेत."

"माझ्यावरून म्हणजे?"

"तुमच्या आकड्यावरून."

धाकटीचं हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती तिसरा मजला चढून गेली तेव्हा दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती दादा, वहिनी आणि काकू बसले होते. चहा सगळ्यांपुढे निवून गेला होता. आतल्या खोलीचं दार बंद, आणि त्यामागून कपड्यांच्या ब्रशचा आवाज येत होता. काका कोट साफ करत होते.

आई-वडील गेल्यावर दादाला आणि तिला याच घरात काका-काकूंनी वाढवलं होतं. या टेबलावर तिने अभ्यास केला, अर्थ मंत्रालयाची परीक्षा दिली, पहिल्या नेमणुकीची बातमीही इथेच सांगितली. तेव्हा काका ताटावरून उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. नंतर म्हणाले, डोळ्यांत काहीतरी गेलं.

"बस," दादा म्हणाला. तो ट्रामच्या डेपोत इंजिनिअर होता आणि घरातही प्रत्येक गोष्ट बिघाड असल्यासारखी तपासायचा. "काय झालं ते ऐक. पेपर आला. पहिल्या पानावर तुमच्या मंत्रालयाचा आकडा, महागाई आटोक्यात. हेडमास्तर म्हणाले, आकडा खोटा आहे. काका म्हणाले, तो आकडा कोण काढतं माहीत आहे ना? हेडमास्तर म्हणाले, माहीत आहे, तुझी पुतणी काढते, म्हणजे तुझी पुतणी खोटं बोलते. झालं! काकांचा हात सुटला. हेडमास्तरांचा चष्मा उडून कपाटाखाली गेला. तो काढायलाही कुणी वाकलं नाही. ते स्वतःच गुडघ्यांवर बसले."

धाकटीच्या डोळ्यांपुढे हेडमास्तर उभे राहिले. तिला गणित त्यांनी शिकवलं होतं. चुकलेल्या उत्तरावर ते कधी काट मारत नसत, शेजारी बारीक प्रश्नचिन्ह काढत.

"माफी मागा म्हणतोय मी," दादा म्हणाला. "त्यांनी तक्रार केली तर या वयात पोलीस चौकी बघायची का?"

"का मागावी?" वहिनी ताडकन म्हणाली. "घरच्या मुलीला चारचौघांत खोटारडी म्हटलं त्यांनी! काकांनी गप्प बसायचं? वन्संचं आणि माझं पटत नाही ते घरात. बाहेर कुणी काही बोललं तर मी पण नाही ऐकून घेणार."

वहिनी आपली बाजू घेते आहे, हे धाकटीच्या आजवरच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. एरवी तिला बरं वाटलं असतं. आता तिने मान खाली घालून टेबलावरच्या मेणकापडाची सुटलेली कड बोटाने दाबली. कड पुन्हा वर आली.

काकू नुसत्या धाकटीकडे बघत राहिल्या.

आतलं दार उघडलं आणि काका बाहेर आले. घासूनपुसून, दाढी करून, कार्यालयात निघाल्यासारखे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी घरात गंभीर काही असलं की ते कोट घालत.

"आलीस का सचिवबाई!" ते म्हणाले. ती सचिव नव्हती, किंमत विभागाची प्रमुख होती, पण काकांनी तिला केव्हाच बढती देऊन टाकली होती. "यांचं काही ऐकू नकोस. मारायला नको होतं हे मला कळतं. मारल्याची माफी मी मागणार आहे. पण तो जे बोलला, त्याची माफी त्याने मागायची."

"काका, जाऊ द्या ना," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"जाऊ कसं द्यायचं? तुला कुणी आळशी म्हणालं असतं, गर्विष्ठ म्हणालं असतं, मी हसून सोडलं असतं. आकडा खोटा म्हणजे काय, अं? आमच्या घराण्यात हे कुणी बोलायचं?"

घराण्यात, हा शब्द काका वापरत तेव्हा सगळ्यांना पोत्यांची आठवण येई. आजोबांचं साखरेचं दुकान होतं. युद्धानंतरच्या टंचाईत त्यांनी भिंतीमागे भिंत उभारून साखरेची पोती दडवली आणि नव्याने उघडलेल्या अर्थ मंत्रालयाच्या निरीक्षकांनी भर बाजारात ती भिंत फोडली. दुकानाला सील लागलं. पुढे कितीतरी वर्षं या कुटुंबाला त्या रस्त्यावर 'पोतेवाले' एवढंच नाव होतं. काका शाळेत जायचे तेव्हा पोरं पाठीवर दप्तर उलटं टाकून वाकून चालत. काकांनी कुणाशी मारामारी केली नाही. मोठे झाल्यावर त्याच मंत्रालयात जाऊन कारकुनाची नोकरी मागितली. ज्या दारातून अब्रू गेली त्याच दारातून ती परत आणायची, असा त्यांचा हिशेब.

"तुम्हाला सांगतो," काकांनी खुर्ची ओढली, आणि ते काय सांगणार हे सगळ्यांना पाठ होतं, "मंत्रालय तेव्हा मुलींच्या शाळेत भरायचं. बाकं एवढी बुटकी, की उपसचिवांचे गुडघे हनुवटीला लागायचे. पण त्या बाकांवरून साखर, रॉकेल, कापड, सगळ्याचे भाव ठरायचे. पुढे योजना आल्या, धरणं आली, पोलादाचे कारखाने आले. मंत्रालयाच्या सहीशिवाय देशात खिळा बनत नसे. मग वारं फिरलं. परवाने गेले. कारखाने विकले. योजनेचा विभाग एका शुक्रवारी बंद झाला, त्यांची कपाटं आम्ही ओढून आमच्या खोलीत आणली. सगळं गेलं. राहिला एक आकडा. महिन्याच्या महिन्याला मंत्रालय देशाला सांगतं, जगणं किती महाग झालं. त्यावर कामगाराचा पगार ठरतो, म्हाताऱ्याचं पेन्शन ठरतं. हा आकडा मी पायाने काढलाय. बाजारोबाजारी पिशवी घेऊन हिंडलोय, लोकांनी कुत्री अंगावर सोडली. आणि आज तो हिच्या हातात आहे. तो खोटा म्हणजे मग राहिलं काय?"

कुणी काही बोलायच्या आत दारावर टकटक झाली. दार उघडंच होतं, तरी आलेल्या माणसाने टकटक केली होती. हेडमास्तर उभे होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गालावर काही दिसत नव्हतं, पण ते तो गाल जरा भिंतीकडे वळवून उभे होते.

"येऊ का?" ते म्हणाले.

काकू पटकन उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे केली. हेडमास्तर बसले नाहीत.

"मी बसायला नाही आलो. याला सांगायला आलोय." ते काकांकडे वळले. "अरे, माझं चुकलं. रात्रभर विचार केला. मला आकड्यातलं काय कळतं? पेन्शन पुरत नाही म्हणून चिडलो होतो, मुलाकडे मागायची पाळी आली, तो राग त्या पेपरवर निघाला. पोरीला बोलायला नको होतं. तिला मी शिकवलंय."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी पुढे होऊन हेडमास्तरांचे दोन्ही हात धरले. "मीही चुकलो रे. हात उचलला, माझी मलाच लाज वाटण्यासारखा प्रकार. क्षमा कर. पण एवढं एक कर. ती इथेच आहे. तिच्यासमोर एकदा म्हण, आकडा खरा आहे. म्हणजे संपलं."

"काका!" दादा म्हणाला.

"असू दे," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. चुकलेल्या उत्तराशेजारी प्रश्नचिन्ह काढणाऱ्या माणसाची ती नजर होती, आणि आता तो माणूस ते प्रश्नचिन्ह खोडायला आला होता. "पोरी, तुझा आकडा खरा आहे. माझंच..."

"नाही," धाकटी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस," काका कौतुकाने म्हणाले. "भिडस्त स्वभाव आहे तिचा. वडीलधाऱ्याने माफी मागितली की हिला कसंतरीच होतं."

"काका, भीड नाही. हेडमास्तरांचं बरोबर आहे. आकडा खरा नाही."

आधी कुणाला काही कळलंच नाही. वहिनी अर्धवट हसली. काका तसेच हेडमास्तरांचे हात धरून उभे होते.

"छापण्यात चूक झाली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बेरजेत? होतं कधीकधी. पुढच्या महिन्यात दुरुस्ती छापायची."

आपल्यावर इतका विश्वास नसता तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बोलणं सोपं झालं असतं. ते तिला एकेक वाट काढून देत होते, आणि ती वाट तिला आपल्या हाताने बंद करावी लागत होती.

"बेरीज बरोबर आहे. घरभाडं चुकीचं आहे."

काकांनी हेडमास्तरांचे हात सोडले. त्यांचा आवाज बदलला. टेबलापलीकडच्या हाताखालच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "घरभाडं कसं चुकेल? घरं जागच्या जागी असतात. जाऊन विचारायचं असतं."

"विचारणं बंद केलं. खाजगी घरं पाहणीतून काढून टाकली. फक्त सरकारी वसाहतीतली ठेवली."

"वसाहतीतलं भाडं तर वाढतच नाही."

"म्हणूनच."

ती स्वतः वसाहतीतच राहत होती. शहरात भाडं किती झालं हे तिला कागदावर कळलं होतं, खिशाला नाही.

"मंत्र्यांनी सांगितलं?"

"तसं कुणीच सांगितलं नाही. मंत्री एवढंच म्हणाले, की आकडा मर्यादेबाहेर गेला तर पगार आणि पेन्शन आपोआप वाढतील आणि तिजोरीत तेवढं नाही. संचालक मला म्हणाले, पद्धतीत काही सुधारणा करता येते का बघा. मी बघितली."

"सही कुणाची?"

"माझी."

काका ओरडले नाहीत. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावरचं रक्त असं सावकाश उतरताना तिने कधी पाहिलं नव्हतं. जमिनीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात. तिला तसं काही वाटलं नाही. इथेच उभं राहायचं आणि हे बघायचं, एवढंच तिला कळत होतं.

"मी या माणसाला मारलं," काका अखेर म्हणाले. तिला नाही, कुणालाच नाही. मग हेडमास्तरांची चुरगळलेली कॉलर त्यांनी नीट केली. "चल. वाचनालयात जाऊ."

"अरे, कशाला आता? झालं ते झालं. इथेच मिटवू."

"मारलं सगळ्यांदेखत आणि माफी स्वयंपाकघरात, असं नाही चालायचं. चल."

"मीही येते," धाकटी म्हणाली.

काका दारात थांबले. वळले नाहीत.

"नको. तू आलीस तर मला तुझी बाजू घ्यावी लागेल."

दोघं म्हातारे जिना उतरू लागले. हेडमास्तरांना दोऱ्याच्या चष्म्यातून पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. काकांनी त्यांच्या दंडाला धरलं होतं. पावलांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

आवाज थांबला आणि दादाचा बांध फुटला.

"तुला बोलायची काय गरज होती? तो माणूस स्वतःहून माघार घेत होता! काका खूश झाले होते. संपलं होतं सगळं!"

"संपलं नव्हतं, दादा."

"आता काय होणार आहे माहीत आहे? वाचनालयात अर्धं गाव बसलेलं असतं. काका सगळं सांगणार. त्यांना अर्धं सांगता येत नाही. उद्या पेपरात येईल. तुझी नोकरी जाईल, वसाहतीतलं घर जाईल. आणि आम्ही? साखर दडवणाऱ्याची नातवंडं, आकडा दडवणारीची भावंडं! पोतेवाले ते पोतेवालेच, असं म्हणतील. मूग गिळून बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"काय बिघडलं असतं?" वहिनी एकदम म्हणाली. मघाशी धाकटीसाठी भांडणारी वहिनी आता दादाकडे वळली होती आणि तिचा आवाज चढला होता. "माझ्या बहिणीने गेल्या वर्षात दोनदा घर बदललं. प्रत्येक वेळी लहान. तू काय म्हणालास? उधळ्या आहेत ते लोक, महागाई कुठे वाढलीये, आकडा बघा! मी तुझ्या तोंडाला लागले नाही, कारण आकडा घरचा होता. बाजारात मी जाते. मला कळत नव्हतं का? मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. मलाच संसार करता येत नाही."

ती धाकटीकडे वळली. धाकटीला वाटलं, आता आपली पाळी. पण वहिनी उठून मोरीपाशी गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुऊ लागली.

"सगळ्यांनाच कळत होतं," काकू म्हणाल्या. इतका वेळ त्या गप्प होत्या, त्यामुळे सगळ्यांनी दचकून पाहिलं. "यांना लोणी फार आवडतं. वर्षापूर्वी मी सांगितलं, डॉक्टरांनी बंद केलंय. यांनी निमूट सोडलं. डॉक्टर काहीच म्हणाले नव्हते." त्यांनी पदराने टेबलावरचा चहाचा डाग पुसला. "यांना लोणी परवडत नाही असं कळलं असतं, तर यांनी हिशेब मांडला असता. आणि हिशेब मांडला असता तर तुझ्यापर्यंत आले असते. म्हटलं, त्यापेक्षा डॉक्टर खोटा पडलेला बरा."

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कार्यालयात ती 'सुधारणा' हा शब्द वापरायची. सुधारणेमुळे तिजोरीवरचा भार किती कमी झाला, याची टिपणीही तिनेच लिहिली होती. तो भार कुणाच्या अंगावर गेला हे त्या टिपणीत नव्हतं. तो इथे आला होता, या टेबलावर, आणि ही बाई तो आपल्यासाठी वर्षभर झाकून ठेवत होती.

"काकू, तू मला विचारलं का नाहीस?"

"आणि तू हो म्हणाली असतीस, मग?" काकू म्हणाल्या. "मग मी काय केलं असतं गं?"

काका परतले तेव्हा उन्हं उतरली होती. दादा आणि वहिनी एकमेकांशी न बोलता निघून गेले होते. धाकटी तिथेच बसून होती. काकांनी कोट काढून खुंटीला लावला. वाचनालयात काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते तिला दुसऱ्या दिवशी इतरांकडून कळलं: काका खुर्चीवर चढून उभे राहिले, कारण त्यांना वाटलं मागच्यांना ऐकू येणार नाही. त्यांनी आधी माफी मागितली, मग घरभाड्याची गोष्ट सांगितली, नावासकट. कुणी हसलं नाही. कुणीतरी एकाने 'पोतेवाले' असा शब्द उच्चारला, तर हेडमास्तरांनी त्याला वर्गाबाहेर काढावं तसं हाताने दार दाखवलं.

त्या संध्याकाळी काकांनी एवढंच विचारलं, "तक्रारीची खिडकी अजून तळमजल्यावरच आहे का?"

"हो."

"उघडते केव्हा?"

"कार्यालयाबरोबरच."

"ठीक," काका म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. काकूंनी त्यांचं ताट आत नेऊन दिलं. धाकटीने स्वयंपाकघरात एकटीने चार घास खाल्ले. उरलेलं पानात टाकायची तिला लाज वाटली.

सोमवारी सकाळी ती मंत्रालयाच्या फाटकाशी आली तेव्हा काका बाहेरच्या कठड्याशी उभे होते, कोट घालून. ही नवी इमारत होती, काचेची. काकांच्या वेळची जुनी शाळा केव्हाच पाडली गेली होती. पहारेकऱ्याने त्यांना ओळखलं नाही आणि त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. धाकटी पुढे झाली.

"माझ्याबरोबर आहेत," ती म्हणाली.

"नाही," काका पहारेकऱ्याला म्हणाले. "मी पेन्शनर आहे. तक्रार करायला आलोय. माझं नाव पाहुण्यांत लिहा."

दोघं तळमजल्यावर गेली. खिडकीपुढे रांग होती. काका रांगेत उभे राहिले. धाकटीची लिफ्ट समोरच होती, तिचं दार उघडून माणसं आत गेली, दार बंद झालं. ती काकांच्या मागे रांगेत उभी राहिली. वरच्या मजल्यावरचे दोघंतिघं तिला नमस्कार करून गेले आणि पुढे जाऊन वळून बघत राहिले. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने मान वर ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग तिने काकांच्या कोटाच्या पाठीकडे बघत राहायचं ठरवलं.

"बोला आजोबा," खिडकीतला तरुण कारकून म्हणाला. "कशाबद्दल तक्रार?"

"महागाईच्या आकड्याबद्दल. तो खरा नाही."

"ती तक्रार आम्ही घेत नाही. ती वर किंमत विभागात..." त्याची नजर काकांच्या खांद्यावरून मागे गेली. तो धडपडत उठला. "मॅडम! तुम्ही इथे? मला बोलावलं असतंत. खुर्ची आणू का?"

"बाई माझ्याबरोबरच आहेत," काका म्हणाले. "तक्रार त्यांच्याविरुद्ध आहे."

कारकून खुर्चीच्या पाठीला धरून तसाच उभा राहिला. ती बाहेर कुणाला द्यायची, आजोबांना की मॅडमना, की कुणालाच नाही, हे त्याला ठरवता येईना. रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकू लागली होती.

"तुम्ही बसा," काका त्याला म्हणाले. "आणि लिहून घ्या. आधी हुद्दा, मग नाव. नात्याला तिथे जागा नसते, मला माहीत आहे."

कारकून बसला. त्याने लेखणी उचलली आणि धाकटीकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. तिने मान हलवली.

"आकडा खरा नाही, मग खरा काय आहे ते सांगावं लागेल आजोबा," तो चाचरत म्हणाला. "त्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही."

काका बाजूला सरकले. कालपासून पहिल्यांदाच त्यांनी तिच्या डोळ्याला डोळा दिला.

"ये पुढे," ते म्हणाले. "मला माहीत नाही. तू सांग."